कितीचा बोअर?

आमच्या घराण्यात शिकारीची परंपरा नाही. आजोबांनी एकदा पिंजऱ्यात उंदीर पकडला आणि दोन गल्ल्या पलीकडे नेऊन सोडून दिला, एवढीच काय ती पराक्रमाची नोंद. मी स्वतः मुलुंडला राहतो, घाटकोपरच्या एका बँकेत सोन्यावरच्या कर्जाच्या काउंटरला बसतो, आणि डास मारायच्या रॅकेटनंही माझा नेम दर वेळी लागतोच असं नाही. असं असून माझ्या कपाटात शिकारीवरची त्रेचाळीस पुस्तकं आहेत. ही स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याची कृपा. कुणाचे तरी आजोबा वारतात, फ्लॅट विकला जातो, आणि तीस वर्षं काचेच्या कपाटात राहिलेले वाघ, सांबरं आणि चितळं किलोच्या भावानं बाहेर पडतात. मी त्यांना घरी आणतो. बायको म्हणते, माणसं रानात जाऊन बिघडतात, तुम्ही स्लो लोकलमध्ये बसून बिघडलात.

तर या त्रेचाळीस पुस्तकांच्या आधारावर मला आज एक तक्रार नोंदवायची आहे. शिकारीच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात एक प्रकरण असतं. नाव काहीही असो, विषय एकच: हरणासाठी रायफल कितीची असावी? बंदुकीच्या नळीच्या मापाला इंग्रजीत बोअर म्हणतात आणि आपण मराठीत कंटाळ्याला बोअर म्हणतो. ही प्रकरणं वाचल्यावर दोन्ही शब्द एकच असावेत अशी माझी खात्री पटली आहे. रान सुंदर चाललेलं असतं, पहाटेचं धुकं असतं, लांबून भेकराचा भुंकल्यासारखा आवाज येतो, आणि लेखक एकदम म्हणतो, "आता थोडं काडतुसांविषयी." पुढची वीस पानं धुकं तिथंच थांबून राहतं.

मी कॉमर्सचा माणूस. आकड्यांचं मला वावडं नाही. पण आकड्यांनी निदान आपल्या नावाला जागावं ही माझी अपेक्षा. रायफलींचे आकडे जागत नाहीत. .३०-०६ मधला ०६ म्हणजे काय? तर साल! १९०६ मध्ये अमेरिकन लष्करानं ते काडतूस घेतलं म्हणून. बरं, मग .३०-३० मधला दुसरा ३० म्हणजे १९३० साल असेल? छे. ते मूळच्या दारूचं वजन, तीस ग्रेन. .२७० ची गोळी मोजावी तर .२७७ इंच भरते. आपली पोलिसांमुळे घराघरात माहीत झालेली थ्री-नॉट-थ्री, तिची गोळी .३११. आणि .२७५ रिग्बी नावाचं जे खानदानी विलायती प्रकरण, ते मुळात जर्मन सात मिलिमीटर माउझर, फक्त कपडे बदललेलं, त्याची गोळी.२८४. आमच्या शाखेत असं लेजर कुणी लिहिलं असतं तर ऑडिटर चहासुद्धा न घेता उठला असता.

बारा बोअरचा हिशेब त्या मानानं प्रामाणिक. नळीच्या मापाचे शिशाचे गोळे करावेत, एका पौंडात बारा बसले तर बारा बोअर. म्हणजे आकडा जितका लहान तितकी बंदूक मोठी. हे व्याजदरासारखं आहे, ज्याला कळतं तो फायद्यात राहतो.

आणि मग .४५० ची गंमत. १९०७ च्या सुमारास सरकारनं हिंदुस्थानात .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी घातली, कारण लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती होत्या आणि त्यांना गोळ्या मिळू नयेत असा हेतू होता. लंडनच्या बंदूकवाल्यांनी काय केलं? .४६५, .४७० अशा रायफली पुढे केल्या. वाचताना मला आमचे काही सन्माननीय ग्राहक आठवले. पन्नास हजारांवर रोख भरली तर पॅन लागतो म्हटल्यावर एकोणपन्नास हजार नऊशे भरणारे. त्याच धोरणातून लष्करी .३०३ साध्या माणसाला मिळत नसे, म्हणून आपल्याकडे .३१५ रुजली. स्वातंत्र्यानंतर सरकारी कारखान्यातून निघालेली हीच रायफल खेड्यापाड्यातल्या परवानेवाल्यांच्या घरी खुंटीला लागली.

अशी एक .३१५ माझ्या मामांकडे होती.

मामा चंद्रपूर जिल्ह्यात बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. आता ब्याऐंशी वर्षांचे. गेल्या थंडीत मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे मुलुंडला येऊन राहिले. लहानपणी दर उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या ओसरीवर आम्ही भाचे मंडळी एकच गोष्ट ऐकत आलो: १९६९ सालची थंडी, मूलकडचं रान, सत्तर पावलांवर सांबर, आणि एकच गोळी. पुरावा भिंतीवर होता. ती प्रचंड शिंगं, पुढे वनखात्याचं प्रमाणपत्र काढून कायदेशीर केलेली, आणि त्यांवर आमच्या टोप्या. रायफल मात्र आम्हांला क्वचित दिसे. दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि माहेरपण करून परत यायची. पुढे मामांनी ती परवानाधारक दुकानदाराला रीतसर देऊन टाकली. गोष्ट मात्र ठेवली.

गोष्टीच्या शेवटी मामा नेहमी दोन वाक्यं बोलत. एक, "थर्टी-ओ-सिक्स असती तर जागेवरून हललं नसतं." दोन, "पुढे कायदा आला, मग आम्ही सोडली शिकार."

तर मामा आमच्याकडे असताना त्यांच्या नातवाचा टेक्सासहून निरोप आला. तो तिथं संगणकात आहे. ऑफिसची मंडळी त्याला हरणाच्या शिकारीला नेणार होती. हरीण कुठलं, तर चितळ! आपलं चितळ १९३० च्या दशकात तिथल्या लोकांनी नेऊन सोडलं, ते इतकं माजलं की आता तिथं ते परकं जनावर म्हणून बारा महिने मारता येतं, परवाना आणि जमीनमालकाची संमती असली की झालं. इकडे बोरिवलीच्या नॅशनल पार्कात चितळाला नुसता खडा मारला तरी वनरक्षक दंडुका घेऊन धावतो. पासपोर्ट बदलला की जनावराचीही पत कशी बदलते पाहा. नातवानं विचारलं होतं: "आजोबा, .२४३ घेऊ, .२७० घेऊ की .३०८? तुम्ही एक्स्पर्ट."

मामांच्या डोळ्यावर पट्टी. त्यामुळे अभ्यास माझ्याकडे आला. त्रेचाळीस पुस्तकांचं आयुष्यात प्रथमच काही काम निघालं.

पहिल्यांदा मी सगळ्या गोळ्या ओळखीच्या वजनात आणल्या. गोळीचं वजन ग्रेनमध्ये देतात. जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, हल्लीचा सराफांचा दहा ग्रॅमचा नव्हे. मासा पंधरा ग्रेनचा. म्हणजे .२४३ ची शंभर ग्रेनची गोळी पावणेसात माशांना जराशी कमी. .२७० ची १३० ग्रेनची पावणेनऊ माशांच्या आत. .३०८ ची दीडशे ग्रेनची बरोब्बर दहा मासे. थर्टी-ओ-सिक्सची १८० ग्रेनची गोळी बरोब्बर एक तोळा, राणीछाप रुपयाच्या वजनाची! आणि मामांच्या .३१५ ची साधारण २४४ ग्रेनची, म्हणजे एक तोळा सव्वाचार मासे. हा शेवटचा आकडा मी दोनदा तपासला. बारीक पेन्सिलीनं बाजूला खूण केली आणि पुढे गेलो.

आता पुस्तकांकडे. अमेरिकेत या विषयावर दोन लेखक अनेक वर्षं भांडले. जॅक ओ'कॉनर, प्राध्यापकी केलेला माणूस, .२७० चा भक्त. हलकी आणि वेगवान गोळी, धक्का कमी, म्हणून नेम चांगला. एल्मर कीथ, आयडाहोचा, मोठ्या टोपीचा, त्याला जड आणि जाडी गोळी हवी. लहान गोळी म्हणजे पोरखेळ. दोघांचं गद्य वाचावं. ओ'कॉनर लिहितो छान, शहाणपणानं. कीथ लिहितो ओसरीवर बसून सांगितल्यासारखं. पण मला त्यांच्या भांडणाचा निकाल लावायचा नाही. भांडण कशाचं आहे ते मात्र मला सहाव्या की सातव्या पुस्तकात कळलं, आणि ते कळायला माझी नोकरी उपयोगी पडली. हे भांडण गोळी योग्य जागी लागली तर काय, याबद्दल नाहीच. पुढच्या पायामागे, छातीत गोळी लागली तर या यादीतल्या कुठल्याही रायफलीनं चितळ मरतं. वॉल्टर बेल नावाच्या स्कॉट माणसानं त्याच सात मिलिमीटर माउझरच्या बारक्या गोळ्यांनी आफ्रिकेत शेकड्यांनी हत्ती मारले. त्याला हत्तीची कवटी आतून पाठ होती. भांडण आहे ते नेम चुकला तर काय, याचं. बोअर म्हणजे बुडीत कर्जासाठी केलेली तरतूद. कर्ज कुणाला द्यावं हे ज्याला कळतं त्याची तरतूद कमी. ज्याला कळत नाही तो तरतूद वाढवत नेतो आणि मग तरतुदीचीच बढाई मारतो.

हे एकदा लक्षात आल्यावर मी शिकारीची पुस्तकं निराळ्या तऱ्हेनं वाचू लागलो. लेखकाची रायफल कितीची हे वगळायचं, आणि त्याच्या हातून किती जनावरं जखमी होऊन निसटली ते शोधायचं. परीक्षेला लागल्यावर भले भले गळाले. काही पुस्तकांत चारशे पानं, साठ जनावरं, आणि साठही जागच्या जागी ठार. आमच्या शाखेत साठपैकी साठ हप्ते वेळेवर भरणारा ग्राहक कधी झालाच तर आम्ही आधी त्याचा पत्ता तपासू. अशा पुस्तकांत सांबर गोळीसरशी "हवेत उडून कोसळतं." हे कुठल्याही बोअरनं होत नाही. जनावर उडवील एवढा जोर गोळीत असता तर तेवढाच धक्का मागे बसून लेखकही मचाणावरून उडाला असता, आणि प्रकरण तिथंच संपलं असतं. जनावर मरतं ते फुप्फुसातून, हृदयातून रक्त जाऊन; त्याला क्षण लागतात, आणि त्या क्षणांत ते शंभर पावलं धावतं. प्रामाणिक लेखक ती शंभर पावलं लिहितो.

या परीक्षेत जिम कॉर्बेट पहिल्या वर्गात येतो. 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं' हे १९४४ चं पुस्तक, त्यातली चंपावतची वाघीण. तिच्या नावावर ४३६ माणसं. एवढ्या मोठ्या प्रसंगाला हा गृहस्थ किती काडतुसं घेऊन गेला? तीन. ती संपली. मग धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक मागून आणली, तर तिची नळी आणि मागचा भाग यांत सरळ फट. त्या डबड्यानं जबड्यावर धरलेला नेम चुकून पंजाला लागला, हे तो स्वतःच सांगतो. वाघीण मेली ती आधीच्या गोळ्यांनी. दुसरा एखादा असता तर शेवटची गोळी मेंदूत घालून मोकळा झाला असता. साक्षीला होतंच कोण? याच कामगिरीबद्दल सरकारनं १९०७ मध्ये त्याला .२७५ रिग्बी भेट दिली. म्हणजे ज्या रायफलीवर आज पानंच्या पानं लिहिली जातात ती बक्षिसाची. काम झालं ते तिच्याशिवाय. बंगलोरचा केनेथ अँडरसन थोडा पाल्हाळिक, गप्पिष्ट, पण आपल्या .४०५ विंचेस्टरवर प्रेम करतो ते जुन्या छत्रीवर करावं तसं, आणि जखमी जनावराच्या मागे जातो. उत्तीर्ण.

मराठीतलं म्हणाल तर व्यंकटेश माडगूळकरांचं नाव घेतो. आधी बंदूक घेऊन रानात गेलेला आणि नंतर नागझिऱ्याला नुसती वही घेऊन बसलेला माणूस. त्यांचं वाचताना बोअरचं प्रकरण कुठं आलंच नाही, हे पुस्तक मिटल्यावर लक्षात येतं. आपल्या जुन्या कथाही घ्या. दशरथानं आवाजावर बाण सोडला आणि श्रावण गेला. पंडूनं हरणाच्या जोडीवर नेम धरला, तो निघाला ऋषी. त्या बाणाचा नंबर कितीचा होता हे व्यास-वाल्मीकींनी नोंदवलेलं नाही. पुढे काय झालं ते मात्र दोघांनीही तपशिलात दिलं आहे.

इंग्रज लोक व्यवहारी. त्यांनी वाद घालत न बसता १९९१ चा हरणांचा कायदा केला: इंग्लंड-वेल्समध्ये हरणाला .२४० च्या खाली रायफल नाही, आणि नळीतून निघताना गोळीत १७०० फूट-पौंड जोर हवाच. आपल्या भेकराचा चिनी चुलतभाऊ तिकडे रानोमाळ झाला आहे, त्याच्यासाठी पुढे .२२० पर्यंत सवलत दिली. म्हणजे नातवाच्या तिन्ही रायफली चालतात. मी तसं टिपण केलं: चितळ, नर जास्तीत जास्त पंचाऐंशी-नव्वद किलो; .२४३ पुरते, .२७० उत्तम, .३०८ लाही हरकत नाही. गोळी मऊ टोकाची, म्हणजे आत गेल्यावर पसरणारी. रात्री जेवणं झाल्यावर मामांना वाचून दाखवलं. मामा खूश. "सांग त्याला, आजोबाची .३१५ होती. तीच कमी पडायची. थर्टी-ओ-सिक्स असती तर..."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण वीस वर्षं काउंटरला बसून एक खोड लागते: दोन नोंदी जुळत नसल्या की हात आपोआप थांबतो. मी म्हणालो, "मामा, तुमची गोळी थर्टी-ओ-सिक्सपेक्षा जड होती. सव्वाचार मासे जास्त. वेग कमी, पण सांबराला पुरून उरेल. ती कमी पडायचं कारण नाही."

मामा काही बोलले नाहीत. मग मला आणखी दुर्बुद्धी झाली. "आणि कायदा १९७२ चा. तुमचं सांबर १९६९ चं. मधली तीन वर्षं?"

बायकोनं स्वयंपाकघरातून माझ्याकडे पाहिलं. तिला बँकेचं काही कळत नाही, पण मी कधी चुकतो ते कळतं.

मामांनी पट्टी नसलेला डोळाही मिटून घेतला. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पाठमोरं होतं रे."

मग सांगितलं. सांबर सत्तर पावलांवर होतं हे खरं, एकच गोळी झाडली हेही खरं. पण ते पाठमोरं, जरा तिरकं उभं होतं. बरोबरचा गोंड वाटाड्या हातानं थांबा म्हणत होता, वळेल, थांबा. संध्याकाळ होत आली होती. मामांनी चाप ओढला. सांबर वाकलं आणि गेलं. रक्त दिसलं, पण काळपट आणि त्यात चारा. वाटाड्या म्हणाला, रात्री इथंच झाडावर काढू, पहाटे माग काढू. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मोठ्या साहेबांचं इन्स्पेक्शन होतं. मामा परत आले.

"चौथ्या दिवशी तो शिंगं घेऊन दारात उभा," मामा म्हणाले. "चार कोस चालून आला होता. म्हणे, नाल्यात सापडलं, कोळसुनांनी खाल्लेलं. मी विचारलं, मेलं कधी असेल? तर म्हणाला, साहेब, दोन दिवस तरी हिंडलं. मी त्याला पाच रुपये दिले." थांबून म्हणाले, "घेतले नाहीत त्यानं. शिंगं ठेवून गेला."

साहेबांचं इन्स्पेक्शन रद्द झालं होतं, हेही त्यांनी सांगितलं.

ज्या शिंगांवर आम्ही सात भावंडांनी टोप्या अडकवल्या त्यांचा हिशेब असा पंचावन्न वर्षांनी जुळला. मला जुळवायचा होता असं नाही. त्या रात्री मी दिवा लवकर मालवला. पलंगाशेजारच्या कपाटात त्रेचाळीस पुस्तकं होती, पण एकही काढावंसं वाटलं नाही.

सकाळी चहाबरोबर मामा म्हणाले, "लिही, त्या पोराला." मी माझं टिपण काढलं, तर म्हणाले, "ते राहू दे. कुठलीही घे म्हणावं, जिचा धक्का खांद्याला सोसेल ती. आधी कागदावर शंभर गोळ्या झाड. जनावर आडवं उभं नसेल तर चापाला बोट लावू नकोस. लागल्यावर अर्धा तास बसून राहा, मग माग काढ. आणि ते सापडल्याशिवाय घरी यायचं नाही, ऑफिस असलं तरी." मी सगळं टंकलं. "ऑफिस असलं तरी" हे दोनदा लिहायला सांगितलं. मी दोनदा लिहिलं. वर माझं माशा-तोळ्याचं कोष्टकही जोडलं. त्याचा नातवानं आजतागायत उल्लेख केलेला नाही.

तीन आठवड्यांनी मामांना नवा चष्मा मिळाला त्याच दिवशी टेक्सासचा निरोप आला. तीन दिवस थंडीत बसला होता. .२७० घेतली होती. चितळ दिसलं, मोठं, पण शेवटपर्यंत पाठमोरंच राहिलं आणि झाडीत गेलं. ऑफिसची मंडळी त्याच्यावर अजून चिडलेली आहेत.

मामांनी तो मला मोठ्यानं वाचायला लावला. मग म्हणाले, पुन्हा वाच. तिसऱ्यांदा फोन माझ्या हातातून घेतला, चष्मा पुसला, आणि खिडकीशी उजेडात जाऊन स्वतः वाचला.